कोरडें वंगण

शिसपेन्सिल या शब्दांत शिसें आहे, वस्तूंत मात्र तें नाहीं. पहिल्या इयत्तेपासून प्रत्येक मुलाच्या हातीं खेळणाऱ्या त्या कांडीच्या पोटांत जो काळा गाभा असतो तो ग्रॅफाइट आणि माती यांचा. आणि ग्रॅफाइट म्हणजे कोळसा व हिरा ज्या मूलद्रव्याचे बनतात त्या कार्बनचेंच एक रूप होय. नांव चुकून पडलें आणि रूढ झालें. त्या चुकीला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासाचा धागा हातीं धरून चालत गेल्यास मनुष्य इंग्लंडमधील एका डोंगरांतून निघून थेट गुरु ग्रहाजवळ जाऊन पोंचतो, असें सांगितलें तर प्रथमदर्शनीं तें कोणास खरें वाटावयाचें नाहीं.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या वायव्य भागांत बॉरोडेल येथें डोंगरांत एक काळा, मऊ, हातास बुळबुळीत लागणारा पदार्थ सांपडला. आसपासच्या धनगरांनीं मेंढ्यांवर खुणा करण्यासाठीं तो वापरावयास प्रारंभ केला. पुढें त्याच्या कांड्या कापून लेखण्या होऊं लागल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तोफेचे गोळे ओतण्याच्या सांच्यांना हा पदार्थ आंतून फांसला असतां गोळा सांच्यास न चिकटतां गुळगुळीत निघतो, असें आढळून आलें. मग काय विचारतां! धनगरांची खूण ही राज्याची संपत्ति झाली. खाणीवर पहारे बसले आणि १७५२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें खास कायदा करून या खाणींतील माल चोरणें हा गंभीर गुन्हा ठरविला. दोन पृष्ठभागांच्या मध्यें कोरडा पदार्थ घालून त्यांस एकमेकांपासून अलग राखावयाचें, ही युक्ति येथें व्यवहारांत आलेली दिसते. तिला शास्त्र मात्र अद्याप लाभलें नव्हतें.

शास्त्राचा पहिला प्रकाश पाडला तो स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्रेत्यानें. कागदावर काळी रेघ उमटविणारीं सर्व मऊ खनिजें त्या काळीं सरसकट शिशाच्या जातीचीं समजत. ग्रीक भाषेंत शिशाला ‘मॉलिब्डॉस’ म्हणतात, त्यावरून त्यांस तशाच अर्थाचीं नांवें पडलेलीं होतीं. १७७८ सालीं शेलेनें दाखविलें कीं, यांपैकीं एक खनिज नत्राम्लांत उकळलें असतां पांढरी भुकटी उरते. म्हणजे तें ग्रॅफाइट नव्हे, त्यांत गंधक आणि एक अज्ञात धातु आहे. पुढच्याच वर्षीं त्यानें ग्रॅफाइट हें कार्बनचें रूप असल्याचें सिद्ध केलें. नवा धातु वेगळा काढण्याइतकी प्रखर भट्टी त्याच्यापाशीं नव्हती. तें काम १७८१ मध्यें त्याचा मित्र पीटर याकोब येल्म यानें केलें. धातूला नांव मिळालें मॉलिब्डेनम, म्हणजे फिरून शिसेंच! ग्रॅफाइटचें दैव अधिक चांगलें. त्याला १७८९ मध्यें वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें ‘लिहिणें’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून नवें नांव दिलें. अशा रीतीनें एकाच घरचीं समजलीं गेलेलीं दोन खनिजें विभक्त झालीं. दिसावयास जुळीं, परंतु प्रकृतीनें एकमेकांच्या अगदीं उलट. आणि हा प्रकृतिभेद पुढें विमानविद्येला मोठा खर्चाचा पडला.

वंगण म्हटलें कीं तेलाची बुधली डोळ्यांपुढें उभी राहते. बैलगाडीचा आंस असो वा शिवणयंत्र असो, तेलाचें काम एकच. दोन धातूंच्या मध्यें त्याचा पातळ थर राहावा, आणि सरकण्याची क्रिया त्या थराच्या पोटांत व्हावी, धातूंनीं एकमेकांस खाऊं नये. परंतु जो पदार्थ वाहत नाहीं तो हें काम कसें करणार? याचें उत्तर क्ष-किरणांनीं दिलें. १९२३ सालीं डिकिन्सन आणि लायनस पॉलिंग यांनीं शेलेच्या त्या खनिजाची, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची, आणि १९२४ सालीं बर्नाल यानें ग्रॅफाइटची अंतर्रचना उकलून दाखविली. दोन्ही पदार्थ थरांवर थर रचून झालेले आहेत. ग्रॅफाइटमध्यें एकाच थरांतील शेजारच्या दोन अणूंचें अंतर १.४२ अँगस्ट्रॉम आहे, तर एका थरापासून दुसरा थर ३.३५ अँगस्ट्रॉम दूर आहे. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटिवा भाग. थरांतील अणूंची मिठी घट्ट, थराथरांतील ओळख मात्र दुरूनची. पत्त्यांचा जोड हातानें फाडूं गेल्यास मनगट दुखेल, पण बोटाच्या धक्क्यानें तो सहज पसरतो, तसाच हा प्रकार आहे. मॉलिब्डेनमच्या खनिजाची रचना आणखी मौजेची. पुरणपोळींत पुरण मध्यें आणि पारी दोन्ही अंगांस असते, त्याप्रमाणें यांत धातूचा थर मध्यें आणि गंधकाचे थर वरखालीं असतात. अशा पोळ्यांच्या चळतींत गंधकाला गंधकच लागतो, आणि या दोन गंधकांमध्यें आकर्षण अगदीं बेताचें. ज्या घरांत कॅरमचा तक्ता आहे तेथें सोंगट्या सुळकन् जाव्यात म्हणून बोरिक पावडर टाकतात. ती पावडरही याच थरांच्या कुळांतली होय.

इतकें कळल्यावर शास्त्रज्ञांना वाटलें कीं प्रश्न सुटला. थर सुटे आहेत, म्हणून ग्रॅफाइट निसरडें आहे. यापलीकडे काय उरलें? उरलें होतें तें दुसऱ्या महायुद्धांत आकाशांत उघडकीस आलें.

विमानाच्या विद्युज्जनित्रांत कार्बनचे लहान ठोकळे असतात, त्यांस ब्रश म्हणतात. फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते टेकलेले असतात आणि निर्माण झालेली वीज बाहेर आणतात. जमिनीवर हे ब्रश शेंकडों तास टिकत. परंतु युद्धकाळांत विमानें वीस हजार फुटांच्या वर नित्य उडूं लागलीं, तेव्हां हेच ब्रश कधीं कधीं तासाभरांत झिजून त्यांचा नुसता भुगा होऊं लागला. वीज बंद पडली कीं रेडिओ मुका झाला आणि उपकरणें आंधळीं झालीं. शत्रूच्या मुलुखावर असलेल्या वैमानिकाला याचा अर्थ काय हें निराळें सांगणें नलगे. कोणी थंडीस दोष दिला, कोणी विरळ हवेस. खरा अपराधी निघाला तो कोरडेपणा. इतक्या उंचीवर हवेंत पाण्याची वाफ जवळजवळ नसते, आणि ग्रॅफाइटला ती लागते. थरांच्या तुटक्या कडांवर जे अतृप्त अणु असतात ते सांपडेल त्याला चिकटतात. बाष्पाचे कण त्यांवर बसले म्हणजे ते शांत होतात आणि थर मोकळेपणीं सरकतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंतील आर. एच. सॅव्हेज यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें प्रयोगानिशीं मांडलें. निर्वात पात्रांत ग्रॅफाइट भराभर झिजतें आणि बाष्पाचा अंश आंत सोडतांच सुधारतें, असें त्यानें दाखविलें. ग्रॅफाइटचा निसरडेपणा हा सर्वस्वीं त्याचा स्वतःचा नव्हे, तो बराचसा हवेकडून उसना घेतलेला आहे! युद्धाची निकड अर्थातच उपपत्तीसाठीं थांबली नव्हती. ब्रशांत धातूंचे हॅलाइड क्षार मुरवून वेस्टिंगहाऊसच्या एल्सी यानें काम भागविलें होतें, आणि तो उपाय १९४५ मध्यें छापूनही आला होता.

आतां दुसऱ्या जुळ्या भावंडाचा काळ आला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला बाष्प नको असतें. उलट दमट हवेंत त्याचें घर्षण वाढतें, आणि निर्वातांत तें इतकें उतरतें कीं शंभर किलो दाबाखालीं असलेला पृष्ठभाग सरकविण्यास एक ते पांच किलोंचा जोर पुरावा. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेनें १९४० नंतरच्या दशकांतच याचा अभ्यास हातीं घेतला. कच्च्या मालाची वाण नव्हती. कोलोराडोमधील क्लायमॅक्स येथें पोलाद कणखर करण्यासाठीं मॉलिब्डेनमची प्रचंड खाण चालत होती, आणि तेथें सांपडणारें खनिज हेंच तें डायसल्फाइड. उणीव एकच. हवेंत साडेतीनशें-चारशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें तें जळून त्याचा ऑक्साइड होतो. त्यामुळें अतितप्त भागांसाठीं कॅल्शियम आणि बेरियम यांच्या फ्लोराइडांकडे पुढें वळावें लागलें.

१९५७ सालीं पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि कोरड्या वंगणाला त्याचें खरें क्षेत्र लाभलें. अंतराळांत तेलाची अवस्था केविलवाणी होते. दाब नसल्यामुळें साधें तेल उडून जातें. जातां जातां तें दुर्बिणीच्या भिंगावर जाऊन बसतें, आणि सावलींतल्या थंडींत उरलेलें गोठून बसतें. त्याहून मोठें संकट धातूंचें. पृथ्वीवर प्रत्येक धातूच्या अंगावर प्राणवायूचा पातळ पापुद्रा असतो. तो खरवडला गेला तरी क्षणांत पुन्हां धरतो, आणि त्यामुळेंच दोन धातु एकमेकांस चिकटत नाहींत. निर्वातांत हा पापुद्रा एकदां गेला कीं गेलाच. मग उघडे पडलेले दोन धातु दाबाखालीं एकमेकांस धरून बसतात, विस्तवावांचून डाख लागावा तसे. हवेचें हें उपकारक काम इतकें सवयीचें कीं तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

यावर तोड म्हणून जें तंत्र वाढलें त्याचा पाया बोडन आणि टेबर या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं १९५० च्या आपल्या ग्रंथांत सुबोध रीतीनें मांडला होता. भार सोसावयास खालीं कठीण धातु हवा, आणि सरकावयास वर मऊ पदार्थाचा अत्यंत पातळ लेप हवा. नासाच्या क्लीव्हलंड येथील स्पाल्व्हिन्स यानें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विद्युत्-भारित कणांच्या माऱ्यानें मॉलिब्डेनम डायसल्फाइड उडवून त्याचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर पोलादावर बसविण्याची रीत सिद्ध केली. युरोपांत १९७२ सालीं इंग्लंडमधील रिस्ली येथें अंतराळयंत्रांच्या घर्षणाची स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. तेथील एक आवडतें वंगण म्हणजे शिशाचा पातळ लेप. सूर्यपंखे फिरविणाऱ्या कित्येक उपग्रहांच्या गोळीबेअरिंगांत तोच वापरला गेला. शेलेच्या काळीं जें नांवापुरतें शिसें होतें त्याच्या शेजारीं अशा रीतीनें खरें शिसें येऊन बसलें. अग्निबाणाच्या पंपांची गोष्ट निराळी. द्रवरूप प्राणवायूला तेलाचा स्पर्श म्हणजे स्फोटास आमंत्रण; म्हणून अमेरिकन स्पेस शटलच्या एंजिनांतील बेअरिंगांचे पिंजरे टेफ्लॉन व काचतंतु यांचे केले होते, आणि फिरतांना त्यांतूनच टेफ्लॉनचा सूक्ष्म लेप गोळ्यांना लागत जाई.

या सर्व विद्येची कसोटी ज्या यानांत लागली त्याचें नांव गॅलिलिओ. गुरु ग्रहाभोंवतीं फिरून त्याची व त्याच्या चंद्रांची पाहणी करणें हें त्याचें काम. इतक्या दुरून संदेश धाडावयाचा म्हणजे मोठा अँटेना हवा, आणि मोठा अँटेना यानाच्या पोटांत मावत नाहीं. म्हणून तो छत्रीसारखा मिटणारा केला होता. व्यास ४.८ मीटर, काड्या अठरा. काड्या ग्रॅफाइटचे तंतु राळेंत बसवून केलेल्या, आणि त्यांवर ताणलेलें कापड म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली मॉलिब्डेनमच्या तारांची जाळी! दोन्ही भावंडें येथें पुन्हां एकत्र नांदत होतीं. मिटलेल्या स्थितींत प्रत्येक काडी मध्यावर टायटेनियमच्या खुंट्यांनीं मधल्या खांबावरील खांचांत टेकत असे. त्या खुंट्यांवर एक कठीण लेप आणि त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचें कोरडें वंगण होतें. उघडतेवेळीं खुंट्या खांचांतून निसटावयाच्या, एवढेंच त्या वंगणाचें काम; जन्मांत एकदांच करावयाचें.

यान १९८६ च्या मे महिन्यांत सुटावयाचें होतें. अँटेना कॅलिफोर्नियांतून मालमोटारीनें खंड ओलांडून फ्लॉरिडास गेला. परंतु त्याच वर्षीं २८ जानेवारीस चॅलेंजर शटलचा भीषण अपघात होऊन सात अंतराळवीर दगावले आणि सर्वच बेत रहित झाले. अँटेना मालमोटारीनें परत कॅलिफोर्नियास आला, तेथें राहिला, आणि फिरून मालमोटारीनें फ्लॉरिडास गेला. शेवटीं १८ ऑक्टोबर १९८९ रोजीं यान सुटलें. जोरकस अग्निबाण आतां मिळत नव्हता, म्हणून त्यास शुक्राला आणि दोनदां पृथ्वीला वळसा घालून वेग मिळवावा लागला. सूर्याजवळून जातांना जाळी तापून बिघडूं नये म्हणून छत्री मिटलेलीच ठेवली होती. ११ एप्रिल १९९१ रोजीं ती उघडण्याचा हुकूम सुटला.

मोटरी सुरू झाल्या, त्यांनीं नेहमींपेक्षां जास्त वीज ओढली आणि त्या अडकल्या. छत्री पुरी उघडली असती तर, नर्तिकेनें हात पसरले असतां तिची गिरकी मंदावते त्याप्रमाणें, यानाची गति ठराविक प्रमाणांत कमी व्हावयास हवी होती. तेवढी ती झाली नाहीं. फोटो काढणारें तेथें कोणी नव्हतें. या तुटपुंज्या पुराव्यावरून अभियंत्यांनीं निष्कर्ष काढला कीं कांहीं काड्या, बहुधा तीन, खांचांत रुतून बसल्या आहेत आणि छत्री एका अंगास वांकडी उघडली आहे.

चौकशींत जें निघालें तें विचार करण्यासारखें आहे. वंगण अंतराळांत हरलें नव्हतें. तें पृथ्वीवरच, मालमोटारींत, नाहींसें झालें असावें असा तज्ज्ञांचा निर्णय पडला. खुंटीचें टोंक गोल, त्यामुळें सारा दाब एका बिंदूवर येऊन कठीण लेपाला तडे गेलेले. आणि त्यावर हजारों किलोमीटर रस्त्याचे हादरे. प्रत्येक हादऱ्यासरशीं खुंटी खांचेंत किंचित् घांसली गेली आणि लेप थोडथोडा सुटत गेला. वर, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा गुण निर्वातांतला. हवेंत घांसलें असतां तें फार लवकर झिजतें. म्हणजे जें अंतराळासाठीं निवडलें त्याला जमिनीवरचा प्रवास घातक झाला. धातु उघडे पडले तरी पृथ्वीवर हवेचा पापुद्रा त्यांस सांभाळून घेत होता, म्हणून येथील चांचण्यांत दोष दिसला नाहीं. वर गेल्यावर तो आधार तुटला. इतक्या वर्षांत वंगण पुन्हां लावण्याचें कोणास सुचलें नाहीं, याबद्दल नंतर पुष्कळ टीका झाली. ती टीका अगदींच अन्यायाची नव्हती. पण घडी घातलेली, तपासून पास केलेली वस्तु विनाकारण उकलूं नये, हा कारागिरांचा जुना संकेतही तितकाच शहाणपणाचा आहे. दोहोंपैकीं कोणता केव्हां पाळावा हेंच कठीण.

मग सुमारे दोन वर्षें फार दूरच्या अंतरावरून ती छत्री सोडविण्याचा उद्योग चालला. यान कधीं सूर्याकडे वळवून तापविलें, कधीं सावलींत धरून गारठविलें. आकुंचन-प्रसरणानें खुंटी हलेल ही आशा. पुढें मोटरी थांबवून-चालवून हातोडीचे ठोके द्यावे तसे झटके दिले. १९९३ च्या जानेवारीपर्यंत ते तेरा हजारांहून अधिक झाले. खुंट्या हलल्या नाहींत.

हानि किती झाली? मोठ्या अँटेनांतून सेकंदास १,३४,००० बिट येथवर संदेश यावयाचे होते. उरला तो लहान अँटेना. त्याच्यातून गुरूजवळून सेकंदास दहा-वीस बिट आले असते. एखादें चित्र धाडावयास कित्येक दिवस लागले असते. येथें मात्र माणसांनीं हार खाल्ली नाहीं. यानांतील संगणकाला दुरूनच नवे पाठ शिकविले, चित्रें आटोपशीर करून धाडण्याची युक्ति त्यास दिली, चित्रें फितीवर सांठवून सवडीनें पाठविलीं, आणि पृथ्वीवर निरनिराळ्या खंडांतील मोठ्या तबकड्या एकत्र जोडून तो क्षीण आवाज ऐकला. गति १६० बिटांपर्यंत चढली. १९९३ च्या ऑगस्टमध्यें इडा या लघुग्रहाजवळून जातांना घेतलेल्या चित्रांत त्याला स्वतःचा एक इवलासा चंद्र असल्याचें दिसून आलें. १९९४ च्या जुलैंत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले तेव्हां तो आघात समोरून पाहणारा हाच एक साक्षीदार होता. ७ डिसेंबर १९९५ रोजीं यान गुरूच्या कक्षेंत शिरलें. युरोपा या चंद्राच्या बर्फाखालीं खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा याचा सबळ पुरावा त्यानेंच धाडला. ठरलेल्या शास्त्रीय कार्यापैकीं सुमारे सत्तर टक्के कार्य पार पडलें, असें नासानें म्हटलें आहे.

गुरूभोंवतीं तें यान जवळजवळ आठ वर्षें फिरलें. इंधन संपत आल्यावर त्या समुद्राच्या चंद्रावर पृथ्वीवरचे जंतु पडूं नयेत म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजीं तें मुद्दाम गुरूच्या वातावरणांत लोटण्यांत आलें. सेकंदास अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगानें तें आंत शिरलें, तेव्हां अठरा काड्यांची ती सोनेरी छत्री अर्धवट उघडलेलीच होती.